‘बेसिक देइत’ म्हणजे किती लांब?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत तिमोर-लेस्ते या देशावर पानभर प्रवासलेख आला होता. माझ्या भाच्याने त्याचा फोटो काढून मला पाठवला. इंडोनेशियाला खेटून असलेला हा छोटासा देश बालीच्या सहलीला जोडून दोन दिवसांत पाहून होतो, अशा अर्थाचं एक वाक्य लेखात आहे. भाच्याने त्याभोवती लाल गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘मावशी, मग तू तीन वर्षं तिथे काय करत होतीस?’

मी तिथे माती तपासत होते. रस्तेबांधणीत गुणवत्ता नियंत्रण हे माझं काम. टाकलेला मुरूम नीट दबला का, काँक्रीटचे क्यूब अठ्ठाविसाव्या दिवशी किती भार घेतात हे बघायचं, आणि बहुतेक वेळा ‘चालणार नाही’ म्हणून सगळ्यांचे शिव्याशाप घ्यायचे. २०१६ ते २०१९ मी दिलीत, म्हणजे तिथल्या राजधानीत, राहिले. आता निवृत्त आहे, हाताशी वेळ आहे. लेखिकेने हौसेने लिहिलं आहे, फोटोही सुरेख आहेत. पण तो दोन दिवसांचा हिशेब खरा धरून कोणी तिकीट काढलं तर त्याचे पैसे आणि रजा दोन्ही वाया जातील, म्हणून लिहिते.

देश लहान आहे हे खरंच. क्षेत्रफळ सुमारे १५,००० चौरस किलोमीटर; २०२२च्या जनगणनेत लोकसंख्या भरली १३ लाख ४० हजारांच्या आसपास. नकाशावर तिमोर बेटाचा पूर्वेकडचा अर्धा भाग, पूर्व-पश्चिम अडीचशे किलोमीटरपेक्षा थोडा जास्त. तेवढं अंतर एका दिवसात सहज कापता येईल, असं नकाशा बघून कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

पण नकाशा वरून काढलेला असतो आणि हे बेट बाजूने बघायचं आहे. ऑस्ट्रेलियाचा भूखंड उत्तरेकडे सरकतो आहे, त्याची कड बांदा समुद्राकाठच्या ज्वालामुखी बेटांच्या कमानीला येऊन धडकली, आणि त्या रेटारेटीत जो समुद्रतळ वर उचलला गेला तो म्हणजे तिमोर. मधोमध डोंगरांचा कणा. त्यातलं सर्वांत उंच शिखर रामेलाऊ, जवळजवळ ३,००० मीटर, आणि तिथून उत्तरेचा समुद्र सरळ रेषेत फार तर पन्नास किलोमीटर. बाउकाऊ हे पूर्वेकडचं मोठं गाव समुद्रापासून वर एका पठारावर वसलं आहे आणि ते पठार आहे प्रवाळाच्या दगडाचं. रस्त्यासाठी डोंगर कापला की त्या कापात पोवळ्यांचे आकार दिसायचे. आमचा एक ऑपरेटर ते वेगळे काढून केबिनमध्ये ओळीने मांडायचा.

आणि त्याहून वाईट म्हणजे चिकणमाती. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत तिला बोबोनारोची माती म्हणतात; बोबोनारो हा पश्चिमेकडचा जिल्हा. कोरडी असताना दगडासारखी कडक, हातोडीशिवाय फुटत नाही. तिचा एक खडा मी टेबलावर ठेवलेला असे. कोणी साहेब ‘रस्ता का खचला’ विचारायला आले की तो खडा पाण्याच्या ग्लासात टाकायचा आणि चहा मागवायचा. चहा संपेपर्यंत ग्लासाच्या तळाशी नुसता गाळ. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि उतारावर असली तर वरचा रस्ता अंगावर घेऊन खाली चालू लागते. मी अहवालात आकडे लिहीत असे, पण साहेबांना पटायचा तो ग्लास.

त्यामुळे त्या देशात अंतर किलोमीटरमध्ये सांगूच नये. दिली ते बाउकाऊ सुमारे १२० किलोमीटर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही चार तास धरून निघत असू. रस्ता रुंद झाल्यावर वेळ पुष्कळ कमी झाला, पण तो सगळीकडे झाला असं समजू नका. एकदा विकेकेला जायचं होतं, दक्षिणेकडे, बाउकाऊच्याही पुढे साठ-पासष्ट किलोमीटर. तिथल्या एका खाणीची खडी तपासायची होती. वेनिलाले ओलांडलं, तिथे दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी खणलेल्या गुहा रस्त्याकडेला आहेत, आणि पुढे पाऊस लागला. चढावर एक आजी सरपणाची मोळी घेऊन चालल्या होत्या. चालकाने खिडकीतून विचारलं, खाण किती लांब? आजींनी हनुवटीनेच दिशा दाखवली आणि म्हणाल्या, ‘बेसिक देइत.’ म्हणजे तेतुम भाषेत ‘हे काय, जवळच’. आम्ही चार तासांनी पोहोचलो. त्यातला दीड तास एका ट्रकच्या मागे उभे होतो, कारण तो चिखलात आडवा झाला होता. आजी बहुधा आमच्या आधी घरी गेल्या असतील. पुढची दोन वर्षं आमच्या लॅबमध्ये कुठलाही उशिराचा अहवाल ‘बेसिक देइत’ असे.

लेखात ‘मे ते नोव्हेंबर कोरडा काळ’ असं दिलं आहे. उत्तरेसाठी ते बरोबर. पण डोंगराच्या पलीकडे, दक्षिण किनाऱ्यावर, साधारण मे ते जुलै दरम्यान पावसाचा दुसरा हंगाम येतो. दिलीत धूळ उडत असते आणि विकेके-सामेकडे गाड्या रुतलेल्या असतात. जूनची सुट्टी साधून दक्षिणेला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नद्यांचंही तसंच. कोरड्या महिन्यांत रुंदच रुंद गोट्यांचं पात्र आणि मधून पाण्याची एक बारीक धार. मुलं तिथे फुटबॉल खेळतात. पावसाळ्यात वरच्या डोंगरात ढग फुटला की तीच नदी तासाभरात पूल मागते. एप्रिल २०२१मध्ये, मी परत आल्यावर, सेरोजा चक्रीवादळाच्या पावसाने दिली शहर बुडालं आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. ज्या कोमोरो नदीच्या पात्रात आम्ही वाळूचे नमुने घ्यायला उतरत होतो, तिचे फोटो बघून मी दिवसभर सुन्न होते.

उत्तर आणि दक्षिण या दोन समुद्रांना तिथले लोक वेगवेगळी नावं देतात, आणि ती मला फार आवडतात. उत्तरेचा शांत समुद्र तो ‘तासी फेतो’, बाईसमुद्र. दक्षिणेचा खवळलेला तो ‘तासी माने’, पुरुषसमुद्र. (आमच्या कॅम्पमध्ये यावर जे विनोद होत ते इथे देत नाही.) बाईसमुद्र शांत असला तरी उथळ नाही. बेटाच्या उत्तरेकडच्या सामुद्रधुनीत खोली तीन किलोमीटरवर जाते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला तिथून निळे देवमासे जातात. पुरुषसमुद्राकडे पोहायचं नाही, कारण तिथे मगरी आहेत. उत्तरेलाही अधूनमधून दिसतात, तेव्हा गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. त्यांना मगर म्हणायचं नाही, ‘आवो लाफाएक’ म्हणायचं, मगर आजोबा. एका मुलाने उन्हात तडफडणाऱ्या मगरीच्या पिल्लाला पाण्यात नेऊन सोडलं, पुढे त्या मगरीने त्याला पाठीवर घेऊन जग दाखवलं, आणि म्हातारपणी मरताना तीच हे बेट झाली, अशी कथा. बेटाचा कणा पाहिला की ती खोटी वाटत नाही.

आता ज्या चुका दुरुस्त करायलाच हव्यात त्या. हा देश इंडोनेशियाचा भाग नाही. होता, बळजबरीने. २८ नोव्हेंबर १९७५ला त्याने पोर्तुगालपासून स्वातंत्र्य जाहीर केलं आणि ७ डिसेंबरला, म्हणजे पुरते दोन आठवडेही झाले नव्हते, इंडोनेशियाचं सैन्य दिलीत उतरलं. चोवीस वर्षांनी, ३० ऑगस्ट १९९९ला, सार्वमत झालं आणि ७८.५ टक्के लोकांनी वेगळं होण्याच्या बाजूने मत दिलं. २० मे २००२ हा आजच्या देशाचा जन्मदिवस. ‘आसियानचे (आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचे) दहा देश’ हेही आता जुनं झालं. २६ ऑक्टोबर २०२५ला क्वालालंपूरमध्ये तिमोर-लेस्ते अकरावा सदस्य झाला. नावाचंही एक गमतीचं आहे. ‘तिमुर’ म्हणजे मलय भाषेत पूर्व, आणि ‘लेस्ते’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये पूर्व. देशाचं नावच ‘पूर्व-पूर्व’. लेखात ‘पूर्व तिमोर’ आहे. एके काळी सगळे तेच म्हणत, पण त्या देशाने स्वतःसाठी तिमोर-लेस्ते हे नाव घेतलं आहे, तर तेच वापरावं.

चलन रुपिया नाही. तिथे अमेरिकन डॉलर चालतो, आणि सुट्ट्यासाठी देशाची स्वतःची ‘सेंटाव्हो’ नाणी आहेत. नोटांवर वॉशिंग्टन आणि नाण्यांवर तिथलीच झाडं-प्राणी, असा तो संसार. बाजारात ऐकाल तर भाव बरेचदा इंडोनेशियन आकड्यांत सांगतात, घड्याळ पोर्तुगीज आकड्यांत, आणि घरातली कोंबडी मोजायची असेल तर तेतुममध्ये. मला सहा महिने लागले. डॉलर रोख न्या आणि नोटा स्वच्छ न्या. दुमडलेल्या, पेनाने खुणा केलेल्या नोटा नाक मुरडून परत देतात. दिलीबाहेर कार्डावर विसंबू नका.

देश एका तुकड्यात आहे असंही नाही, आणि हे लेखात अजिबात नाही. ओएकुसी नावाचा एक भाग पश्चिमेला, इंडोनेशियाच्या हद्दीच्या आत, तीन बाजूंनी इंडोनेशिया आणि चौथ्या बाजूला समुद्र असा एकटा पडला आहे. कारण सोपं आहे: पोर्तुगीज पहिल्यांदा स्थिरावले ते तिथेच, लिफाऊला. राजधानी दिलीला आली १७६९मध्ये. पुढे डच आणि पोर्तुगीजांनी बेट वाटून घेतलं तेव्हा पोर्तुगीजांनी ती जुनी जागा सोडली नाही. माझ्या वेळी तिथे जायचं म्हणजे नाक्रोमा नावाच्या फेरीबोटीतून रात्रभराचा प्रवास. माणसं, मोटारसायकली, कोंबडे, सिमेंटच्या गोण्या सगळे एकत्र. मी डेकवर चटई टाकून झोपले होते आणि पहाटे जाग आली तेव्हा माझ्या पायाशी एक बकरी होती. सोपवलेले क्यूब मात्र शाबूत होते. दिलीसमोर दिसतं ते आताउरो बेट. पोर्तुगीजांनी आणि नंतर इंडोनेशियानेही कैद्यांना डांबायला वापरलेलं. आज प्रवाळ आणि मासे बघायला जगभरचे पाणबुडे तिथे येतात. पूर्वेच्या टोकाला तुतुआला, आणि त्याच्यापुढे जाको हे छोटं बेट. ते पवित्र मानतात, तिथे रात्री राहायचं नाही. कोळी होडीतून नेतात, संध्याकाळी आणतात. दिलीहून तिथवर जाण्यातच तुमचे दोन दिवस संपतात.

व्हिसाबद्दल लेखात ‘पोहोचल्यावर मिळतो’ एवढंच आहे. विमानाने दिलीत उतरलात तर मिळतो: माझ्या माहितीप्रमाणे ३० डॉलर, ३० दिवस, एकदाच प्रवेशासाठी, पासपोर्ट सहा महिने वैध हवा आणि परतीचं तिकीट हवं. पण जमिनीवरच्या सीमेने गेलात तर नाही. भारतीयांना आधी अर्ज करून परवानगीचं पत्र घ्यावं लागतं. माझ्या ओळखीचं एक तरुण जोडपं कुपांगहून, म्हणजे बेटाच्या इंडोनेशियाकडच्या भागातल्या शहरातून, बसने निघालं, कुठेतरी वाचून की सीमेवर शिक्का मारतात. मोताआइनला इंडोनेशियाचा बाहेर पडल्याचा शिक्का घेतला, चालत पलीकडे बातुगादेला गेले, आणि तिथे कळलं की पत्र नाही तर प्रवेश नाही. परत यायचं तर इंडोनेशियाचा व्हिसा संपलेला, कारण तोही एकदाच प्रवेशाचा! नवा व्हिसा काढून परत कुपांग गाठेपर्यंत त्यांचा दिवस आणि लग्नाच्या पहिल्या वर्षातला सलोखा दोन्ही खर्ची पडले. बालीच्या सहलीला ‘जोडून’ जाणाऱ्यांनाही हीच गोष्ट लागू. बालीहून दिलीला गेलात की बालीचा ‘पोहोचल्यावर मिळणारा’ व्हिसा वापरून झाला. परत बालीला उतरताना दुसऱ्यांदा पैसे. अंतरही शेजारच्या गल्लीचं नाही, हजार किलोमीटरहून अधिक, विमानाने सुमारे दोन तास. घड्याळ बालीच्या एक तास पुढे आणि भारताच्या साडेतीन तास पुढे. नियम बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी नव्याने बघून घ्यावं.

बरं, कोणाकडे खरोखरच दोनच दिवस असतील तर? तर दिलीतच राहावं, आणि लेखात दिलंय तसं पहिल्याच सकाळी क्रिश्तु रेइच्या (ख्रिस्त राजाच्या) पुतळ्याकडे धावू नये. तो २७ मीटर उंच आहे, पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत, समुद्र सुंदर दिसतो, सगळं खरं. पण तो इंडोनेशियाने १९९६मध्ये दिलेला, आणि २७ हा आकडा तिमोर त्यांचा सत्ताविसावा प्रांत होता म्हणून. त्याच वर्षी, इंडोनेशियाच्या ताब्याविरुद्ध तिमोरची बाजू मांडणाऱ्या बिशप बेलो आणि जुझे रामोस-होर्ता यांना शांततेचं नोबेल मिळालं. हे माहीत असलं की त्या पायऱ्या वेगळ्या वाटतात. आधी सांताक्रूझ दफनभूमीत जावं. १२ नोव्हेंबर १९९१ला तिथे जमलेल्या निःशस्त्र लोकांवर सैन्याने गोळीबार केला, अडीचशेहून अधिक माणसं मारली गेली. आमची घरमालकीण दर नोव्हेंबरात तिथे मेणबत्त्या न्यायची. मला कधी काही सांगितलं नाही तिने, मीही विचारलं नाही. एकदा मेणबत्त्यांची पिशवी धरायला दिली, तेवढंच. मग बालिदे भागातल्या जुन्या तुरुंगात ‘शेगा!’ हे प्रदर्शन बघावं. शब्दाचा अर्थ ‘बस्स, पुरे!’. कोठड्यांच्या भिंतींवर कैद्यांनी कोरलेलं अजून आहे.

मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी एक गोष्ट लेखिकेच्या हातून निसटली. १८४४पर्यंत तिमोरचा कारभार पोर्तुगीजांच्या गोव्याच्या सरकारकडे होता. त्यामुळे दिलीत आडनावं ऐकताना मला सारखं ओळखीचं वाटायचं, आणि मी भारतातली आहे म्हटलं की जुनी माणसं पहिल्यांदा ‘गोवा?’ असं विचारायची.

किरकोळ काही. शहरात फिरायला ‘मिक्रोलेत’ नावाच्या रंगीत छोट्या गाड्या आहेत. उतरायचं असलं की हातातलं नाणं वरच्या लोखंडी दांड्यावर टकटक वाजवायचं, ओरडायचं नाही. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादु’ म्हणायचं, बाईने ‘ओब्रिगादा’. लेखात सगळ्यांना एकच दिलंय. मलेरियाची भीती आता जुनी: जुलै २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशाला मलेरियामुक्त जाहीर केलं. मी तिथे असताना गोळ्यांचा डबाच बरोबर असे. डेंग्यू मात्र आहे, मच्छरदाणी न्याच. आणि कॉफी प्या, एरमेरा भागातली. अरेबिका आणि रोबस्टा यांचा आपोआप झालेला एक संकर या बेटावर सापडला, तो तांबेऱ्या रोगाला दाद देत नाही, आणि जगभरच्या कॉफीवाल्यांनी त्याच्यापासून नवे वाण काढले. लेखात कॉफीचं नावही नाही, हे मला व्हिसाच्या चुकीपेक्षा जास्त लागलं.

आठवडा असेल तर रामेलाऊ चढा. माउबिसीला मुक्काम, तिथून हातो बुइलिको, आणि पहाटे तीनला टॉर्च घेऊन निघायचं. माझे गुडघे तेव्हाही कुरकुरत होते, साडेतीन तास लागले. वर मेरीमातेची मूर्ती आहे, थंडी इतकी की बोटं वळत नाहीत, आणि हवा साफ असेल तर बाईसमुद्र आणि पुरुषसमुद्र दोन्ही एकाच जागी उभं राहून दिसतात. उतरताना एका मुलाने विचारलं, ‘मालाए’ (म्हणजे परदेशी) बाई, तुमचं घर लांब आहे का? मी म्हटलं, ‘बेसिक देइत.’ तो इतका हसला की घसरून पडला.

पत्र लांबलं, याची कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर बकरी काढा, मगर काढा, माझे गुडघे काढा. जमिनीवरच्या सीमेचा आणि बालीच्या दुसऱ्या व्हिसाचा परिच्छेद मात्र तसाच छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त रस्ते अभियंता
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)